आपल्या घराचे छप्पर आपण शाकारणे : एक अभ्यासपाठ

वैशाख सरत आला, वळवाची एखादी सर येऊन गेली, की कौलारू घरांच्या मुलखात शाकारणीची घाई सुरू होते. मृग लागण्यापूर्वी छप्पर हाताखालून गेलेच पाहिजे, हा जुना दंडक आहे. पाऊस एकदा धरला म्हणजे ओल्या कौलांवर पाय ठरत नाही, आणि कुजलेली रीप बदलण्यास उघडीपही मिळत नाही. परंतु हे काम जाणणारी माणसे आता खेडोपाडी थोडी उरली आहेत. जी आहेत त्यांस एकाच पंधरवड्यात चार गावांची बोलावणी येतात. आणि ज्याचे घर शेवटी राहते त्याच्या माजघरात पहिल्याच पावसात घमेली व परात मांडावी लागते. कित्येक गृहस्थ या कटकटीला कंटाळून कौले उतरवतात व पत्रा घालतात. पत्रा लवकर बसतो हे खरे. पण तो उन्हाळ्यात किती तापतो व पावसात किती वाजतो, हे पत्र्याखाली वर्ग चालविलेल्या शिक्षकास सांगावयास नको.

ज्या शिक्षकबंधुभगिनींचे स्वतःचे घर कौलारू आहे त्यांनी ही विद्या स्वतः शिकून घ्यावी, आणि तिच्यात जे गणित व जे विज्ञान आहे ते वरच्या इयत्तांतील मुलांस जमिनीवर मांडलेल्या नमुन्यावरून शिकवावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे. ‘जमिनीवर मांडलेल्या’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. विद्यार्थ्यांस छपरावर चढवू नये. मग ते छप्पर शाळेचे असो वा गुरुजींच्या घराचे, आणि मुलगा झाडावर कितीही चपळाईने चढणारा असो.

प्रथम मर्यादा ठरवून घेऊ. नवशिक्या गृहस्थाने हात घालावा तो एकमजली, दुपाखी घरास. आणि तेही ज्याचे आढे व वासे शाबूत आहेत अशा. चौपाखी घराच्या कोपऱ्यांवर कौले तिरपी कापावी लागतात. दोन छपरे जेथे मिळतात त्या पन्हळीत दोन्हीकडचे पाणी एकवटते. ही दोन्ही कामे माहीतगाराची आहेत. आढ्याचे लाकूड बदलणे, नवी कैची उभी करणे, हे सुताराचे. वासा शाबूत आहे की नाही हे पाहण्यास सुरीचे टोक पुरते. भिंतीत शिरलेल्या टोकाशी व वळचणीशी टोचून पाहावे. टोक सहज रुतले, किंवा लाकडावर वाळवीची मातकट नळी दिसली, तर कौलांचा विचार बाजूस ठेवून आधी सुतारास बोलवावे.

घराचा सांगाडा मुलांच्या ओळखीचा असतो, पण नावे त्यांस ठाऊक नसतात. सर्वांत वर आडवे असते ते आढे. आढ्यापासून दोन्ही बाजूंस भिंतीच्या माथ्यावर उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा, आणि रिपांवर अडकतात ती कौले. छपराची एकेक उतरती बाजू म्हणजे पाखे. आढ्यावरील फट झाकणारी कौले ती कोने. ही नावे तालुक्यातालुक्यांत बदलतात. मुलांनी घरी विचारून यावे, आणि निरनिराळ्या वाड्यांतील शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे. भाषेचा एक चांगला तास त्यातच होतो.

उतार कशासाठी?

मुलांस विचारले तर ती सांगतात, ‘पाणी खाली वाहून जावे म्हणून.’ उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. चांगल्या भाजलेल्या कौलाच्या अंगातून पाणी सहसा घरात येत नाही. ते येते दोन कौलांच्या सांध्यातून, आणि तेही खालून वर चढून. याचे नवल मुलांस प्रत्यक्ष दाखवावे. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या एकमेकींस चिकटवून धराव्या व त्यांची खालची कड रंगीत पाण्यात बुडवावी. पट्ट्यांमधल्या बारीक फटीतून पाणी आपोआप वर चढलेले दिसते. हेच कौलांच्या सांध्यात घडते. त्यात वाऱ्याची झड समोरून आली म्हणजे पाणी आणखी मागे रेटले जाते. उतार पुरेसा असेल तर पाण्याचे वजन या दोहोंवर मात करते. उतार कमी असेल तर पाणी वरच्या कौलाखाली शिरून रिपेवर ठिबकू लागते. म्हणून मंगळुरी कौलांस साधारण तीस अंशांचा उतार धरतात. पाच हात आडवे गेले असता तीन हात उठाव, हे प्रमाण सुमारे ३१ अंशांचे होते व ध्यानात ठेवण्यास सोपे आहे.

नळीच्या कौलांची गोष्ट किंचित वेगळी. ती रिपेस अडकत नाहीत, नुसत्या भारावर बसतात. म्हणून उतार फार वाढवला तर घसरतात. कुंभार चाकावर एका टोकास निमुळती अशी नळी ओढतो, आणि ती ओली असतानाच उभी चिरून तिची दोन कौले करतो. एक थर उताणा, त्यावर दुसरा पालथा. उताण्यातून पाणी वाहते व पालथ्याने फट झाकते. एक टोक निमुळते का, हे मुलांस लगेच सांगू नये. कागदाच्या नळ्या करून त्या एकीत एक बसवून पाहू द्याव्या. उत्तर त्यांच्या हातासच सापडेल. नळीची कौले मांजरे, माकडे व वारा यांच्यामुळे सरकतात, म्हणून ती दरवर्षी उतरवून, झाडून, पुन्हा मांडावी लागत. शाकारणी हे वर्षाचे काम झाले ते यामुळे.

मंगळुरी कौलाने हा त्रास पुष्कळ कमी केला. कडेच्या खाचा एकमेकींत अडकणारे कौल फ्रान्समधील आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली काढले. आपल्याकडे बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूर येथे अशा कौलांचा कारखाना घातला. नेत्रावती नदीकाठची माती त्यास चांगली मानवली, आणि समुद्रमार्गाने हे कौल कोकणपट्टीत व मुंबईस पोहोचले. आज कौल कोठेही भाजलेले असो, नाव मात्र मंगळुरीच राहिले आहे.

कौलास आधी विचारणे

आता या पाठाच्या गाभ्याकडे येऊ. छप्पर गळते की टिकते, याचा निकाल कौले मांडताना लागत नाही, रिपा ठोकताना लागतो. मंगळुरी कौलाच्या वरच्या टोकास खालून एक उंचवटा असतो. त्यास आपण नाक म्हणू. हे नाक रिपेस अडकते, आणि कौलाचे खालचे टोक पुढच्या ओळीतील कौलाच्या माथ्यावर टेकते. रिपांमधील अंतर एक सेंटीमीटरने जास्त झाले तर हा टेकू निसटू लागतो व सांधा उघडतो. कमी झाले तर नाक रिपेवर न बसता कौल तरंगते. हे अंतर बहुधा ३२ सेंटीमीटरांच्या आसपास येते. परंतु तो आकडा पाठ करून रिपा ठोकू नयेत. भट्टीगणिक कौलाचे माप थोडे बदलते.

खरे माप काढण्याची रीत अशी. अकरा कौले सपाट जमिनीवर पालथी घालून एकामागे एक अडकवावी. ती प्रथम जितकी ताणता येतील तितकी ताणून पहिल्या नाकापासून अकराव्या नाकापर्यंतचे अंतर मोजावे. मग जितकी दाबता येतील तितकी दाबून पुन्हा मोजावे. दोन्ही मापांस दहाने भागले म्हणजे कमाल व किमान अंतर मिळते, आणि रीप या दोहोंच्या मध्ये बसवावी. येथे वर्गातील निम्मी मुले दहाऐवजी अकराने भागतात. ती चूक होऊ द्यावी. कौले अकरा असली तरी मधली अंतरे दहाच, हे बोट ठेवून मोजल्यावर जे ध्यानात राहते ते फळ्यावर सांगून राहत नाही.

ही रीत मला ठाऊक नव्हती तेव्हाची गोष्ट. माझ्या घराच्या मागील पडवीची कौले मी एका सुट्टीत हौसेने बदलली. जुन्या रिपा बऱ्या दिसल्या म्हणून तशाच ठेवल्या, आणि स्वस्त मिळाली म्हणून निम्मी कौले दुसऱ्या भट्टीची घेतली. खालून पाहता ओळी सुरेख दिसत होत्या; शेजाऱ्यांनी कौतुकही केले. मृगाच्या पहिल्या झडीत पाणी सांध्यांतून मागे चढले आणि माळ्यावर पेरणीसाठी ठेवलेल्या भाताच्या पोत्यात उतरले. दोन दिवसांनी पोते सोडले तो आत मोड आलेले. बियाणे भाऊकीतून मागून आणावे लागले, व एक वाफा त्या साली उशिरा पेरला गेला. गावचे वृद्ध सुतार येऊन वर पाहून गेले आणि एवढेच म्हणाले, ‘गुरुजी, रीप जुनी नि कौल नवं, हा जोडा जमत नाय. आधी कौलाला विचारायचं, मग रीप ठोकायची.’ पुढच्या वैशाखात पडवी त्यांच्या हाताखाली पुन्हा उतरवली. वर जी रीत दिली ती त्यांची आहे.

तेव्हा कौले एकाच भट्टीची घ्यावी, आणि घेताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर पक्के. भद्द आवाज आला तर ते कच्चे आहे किंवा त्यास चीर आहे. चीर डोळ्यास दिसत नसली तरी कानास कळते.

किती कौले लागतील, हे उदाहरण सातवी-आठवीच्या मुलांस अवश्य घालावे. घर ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. वळचण दोन्ही बाजूंस अर्धा मीटर पुढे काढावयाची, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींबाहेर छप्पर ३० सेंटीमीटर न्यावयाचे. म्हणजे आढ्याखालील बिंदूपासून वळचणीपर्यंत आडवे अंतर ३ मीटर. पाचास तीन या प्रमाणाने उठाव १.८ मीटर. या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज १२.२४; तिचे वर्गमूळ सुमारे ३.५. म्हणून एका पाख्याची उतरती लांबी ३.५ मीटर, रुंदी ६.६ मीटर, क्षेत्रफळ २३.१ चौरस मीटर. दोन्ही पाख्यांचे ४६.२. एका चौरस मीटरास १५ कौले धरली तर ६९३ होतात. आता दुसऱ्या रीतीने करून पाहावे. ३.५ मीटरांत ३२ सेंटीमीटरांच्या ११ ओळी, ६.६ मीटरांत कौलाची उपयोगी रुंदी २१ सेंटीमीटर धरता एका ओळीत ३२ कौले. दोन्ही पाख्यांची मिळून ७०४. ही अकरा कौले कोठून वाढली, असा प्रश्न वर्गास टाकून शिक्षकाने गप्प बसावे. (अर्धे कौल विकत मिळत नाही, हे कोणीतरी सांगेपर्यंत बसावे.) फूटतूट धरून ७४० कौले आणावी.

याच आकड्यांवरून वजनाचाही अंदाज येतो. एक कौल अडीच ते तीन किलोचे. म्हणजे सातशे कौलांचे ओझे पावणेदोन ते दोन टन. इतके वजन घराच्या डोक्यावर बसते. म्हणून जेथे पूर्वी गवत किंवा हलका पत्रा होता त्या वाशांवर सुतारास न दाखवता कौले चढवू नयेत. छपराच्या वजनाचा प्रश्न केवळ लाकडाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदावरील मातीचे जड थर झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीचे थर वर्षानुवर्षे गळती थांबवण्यासाठीच वाढवलेले असतात, हे मराठवाड्यातील शिक्षकांनी मुलांस जरूर सांगावे.

मांडणी

रिपा वळचणीकडून आढ्याकडे ठोकीत जाव्या. पहिली रीप इतरांहून एका कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. कारण पहिल्या ओळीखाली टेकण्यास कौल नसते, आणि ती उंची दिली नाही तर वळचणीची ओळ मान खाली घालते. पहिले कौल रिपेपुढे इतके निघाले पाहिजे की पागोळी भिंतीवर वा लाकडावर न येता मोकळ्या जागी पडावी. छप्पर काटकोनात आहे की नाही हे आधी पाहावे. वळचणीवर ४ मीटर, कडेच्या वाशावर ३ मीटर मोजून खुणा कराव्या. खुणांमधील अंतर ५ मीटर भरले तर काटकोन. पायथागोरसचा सिद्धान्त शिकविताना हेच तीन आकडे घेतो, पण त्यांचा असा उपयोग मुलांस क्वचितच दिसतो. घर जुने असेल तर काटकोन बहुधा भरणार नाही. तेव्हा रिपा सरळ ठेवून वाकडेपणा कडेच्या भिंतीबाहेरील भागात मुरवावा.

कौले खालून वर मांडतात. सुरुवात डावीकडून की उजवीकडून, हे कडेची खाच कोणत्या बाजूस आहे त्यावर ठरते: पुढचे कौल मागच्याच्या खाचेवर बसले पाहिजे, तिच्याखाली सरकवावे लागू नये. दर चार-पाच ओळींनंतर दोरी ताणून ओळ पाहावी. एक पाखे पुरे करून मग दुसरे घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. एका बाजूवर टनभर वजन व दुसरी रिकामी, असे झाले तर सांगाडा कलण्याची भीती असते. दोन्ही पाखी बरोबरीने चढवावी, आणि कौलांच्या थप्प्याही छपरावर एका जागी रचू नयेत.

शेवटी आढ्यावर कोने. त्यांच्या दोन्ही कडांखालीच चुन्याचा किंवा सिमेंटचा माल द्यावा; पोट भरून माल कोंबल्याने वजन वाढते आणि वाळताना भेगा पडतात, व त्याच भेगांतून पुढे पाणी येते.

वाऱ्याविषयी थोडे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कित्येक घरांची छपरे उडाली. वारा कौलांस दाबतो अशी समजूत असते. वस्तुतः छपरावरून वेगाने जाणारा वारा ती वर ओढतो, आणि ही ओढ वळचण, आढे व दोन्ही कडा यांच्यापाशी सर्वांत जास्त असते. कागदाची पट्टी ओठांशी धरून तिच्यावरून फुंकर घातली तर ती वर उचलली जाते; एवढा प्रयोग पुरे. कौलाच्या नाकास तारेसाठी भोक असते. किनाऱ्याजवळ कडेच्या सर्व ओळी गंज न धरणाऱ्या तारेने रिपेस बांधाव्या. मधली कौले बांधू नयेत असे माझे मत आहे. फुटके कौल बदलताना तार सोडविण्यातच जवळची चार कौले फुटतात.

चढण्यापूर्वी

हा भाग शेवटी लिहिला असला तरी वाचावा प्रथम. छपरावरील अपघातात कौल जाते, वासा जातो, आणि कधी घरचा कर्ता माणूस जातो. शिडी चार हात चढत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा, आणि तिचे वरचे टोक वळचणीच्या सुमारे एक मीटर वर निघावे. कमरेचा दोर आढ्यापलीकडे नेऊन पक्क्या खांबास बांधावा. खाली एक जाणता माणूस उभा असल्याखेरीज चढू नये. कौलावर पाय द्यावयाचाच तर जेथे खाली रीप आहे व कौलावर कौल आहे तेथे, मधल्या पोकळ भागावर कधीच नाही; त्याहून बरे म्हणजे आढ्यावर आकडा अडकवलेली आडवी शिडी टाकून तिच्यावर बसून काम करावे. खांबावरून घरात येणारी विजेची तार बहुधा वळचणीजवळूनच जाते. काम चालू असेतो वीजपुरवठा बंद करवून घ्यावा, आणि लोखंडी शिडी वापरू नये. घरास जोडून ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याची पडवी असेल तर तिच्यावर मुळीच पाय ठेवू नये. जुना पत्रा सूचना न देता फुटतो. तो कापू नये की त्यास भोकेही पाडू नयेत, कारण त्याची धूळ फुप्फुसात गेली असता वर्षांनंतर असाध्य रोग उद्भवतात.

गळती शोधणे हे निराळे कौशल्य आहे. थेंब जेथे पडतो तेथे वर छिद्र असेलच असे नाही. पाणी रिपेवर उतरते, वाशाच्या पोटाने घरंगळत येते, आणि एखाद्या गाठीशी अडून मग पडते. म्हणून पाऊस चालू असताना आतून कंदील वा विजेरी घेऊन वाशावरील ओला माग वरच्या दिशेने शोधीत जावा, व तो जेथे सुरू होतो तेथील रिपेवर खडूने फुली करावी. छपरावर त्या वेळी चढू नये. उघडीप पडून कौले वाळली म्हणजे फुलीवरचे एकच कौल बदलावे. पुष्कळ वेळा कौल फुटलेलेही नसते; पालापाचोळा साचून खाच बुजलेली असते, एवढेच.

वर्गासाठी नमुना करावयाचा तर सुताराकडील उरलेल्या रिपांचे, एका मुलास उचलता येईल असे पाखे करून ते दोन बाकांस टेकवावे. त्यावर दहा-बारा खरी कौले मुलांच्या हातून मांडवावी, झारीने पाणी घालावे, आणि बाकाची उंची बदलून कोणत्या उतारास मागील बाजू ओली होते ते वहीत लिहावे. पाऊस सुरू झाला म्हणजे दुसरी नोंद सुरू करता येते. वर सांगितलेल्या घराचे छप्पर जमिनीवर जेवढी जागा झाकते ती ६ गुणिले ६.६, म्हणजे ३९.६ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरास एक लिटर. तेव्हा १०० मिलिमीटरांच्या दिवशी पागोळ्यांतून ३,९६० लिटर पाणी पडते. क्षेत्रफळ पाख्यांचे का घेतले नाही, असे एखादा विद्यार्थी विचारील. त्यास पुठ्ठ्याचा तुकडा उन्हात तिरपा धरून त्याची सावली मोजावयास सांगावे. ऊन मात्र डोक्यावर आलेले असावे.